एकाच नदीवरची दोन वीजघरं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप इथे देतोय. बोलताना सुटलेले एकदोन आकडे भरलेत आणि माझं "म्हणजे, म्हणजे" थोडं कमी केलंय. बाकी सगळं तसंच आहे.

कोयनेवर बोललो त्या भागानंतर एका श्रोत्यांनी एक प्रश्न पाठवला. तो मी आयुष्यभर ऐकत आलोय. चहाच्या टपरीवर ऐकलाय, लग्नाच्या पंगतीत ऐकलाय. प्रश्न असा: "एन्रॉन घालवला नसता, तर महाराष्ट्रात ते लोडशेडिंग झालं असतं का?" विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. एक बाजू म्हणते, बघा, आलेला उद्योग हाकलला आणि दहा वर्षं अंधारात काढली. दुसरी बाजू म्हणते, तो प्रकल्प राहिला असता तर राज्याचं दिवाळं निघालं असतं. दोन्ही बाजू तावातावानं बोलतात. गंमत म्हणजे दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि तरीही मूळ प्रश्न तसाच शिल्लक राहतो.

उत्तर शोधायचं तर आधी नकाशा उघडा. वाशिष्ठी नदी शोधा. सह्याद्रीतून उतरते, चिपळूणवरून जाते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. नदी तशी छोटी. पण तिच्या एका टोकाला कोयनेची वीजघरं आहेत, पोफळीला आणि अलोऱ्याला. दुसऱ्या टोकाला, खाडीच्या मुखाशी, अंजनवेलला तो सुप्रसिद्ध की कुप्रसिद्ध दाभोळ प्रकल्प. कोयनेचं पाणी खरं तर पूर्वेला कृष्णेत जायचं. ते डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवलं, सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडलं, त्यावर वीज केली, आणि काम झालेलं ते अवजल वाशिष्ठीत सोडलं. म्हणजे कोयनेच्या जनित्रांतून गेलेलं पाणीच पुढे अंजनवेलच्या समोरून समुद्रात जातं.

(जाता जाता एक: प्रकल्पाला दाभोळ म्हणतात, पण दाभोळ गाव खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात आहे. प्रकल्प अलीकडे, गुहागर तालुक्यात, गोपाळगडाच्या शेजारी. अंजनवेल, वेलदूर, रानवी ही ती गावं. जमीन गेली यांची आणि नाव झालं दुसऱ्याच गावाचं.)

आता तारखा बघा. १३ मार्च १९९९ ला कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयात लेक टॅपिंग झालं. भरलेल्या धरणाच्या तळाशी खालून बोगदा नेऊन शेवटचा खडक स्फोटानं उडवला. कोयनेच्या चौथ्या टप्प्याला, म्हणजे प्रत्येकी २५० मेगावॉटच्या चार संचांना, पाणी तिथून मिळालं. आणि दोनच महिन्यांनी, मे १९९९ मध्ये, नदीच्या खालच्या टोकाला दाभोळचा पहिला टप्पा सुरू झाला, ७४० मेगावॉटचा. वीज घेणारं गिऱ्हाईक दोघांचंही एकच, महाराष्ट्र राज्य वीज मंडळ. पुढे कोयनेचा चौथा टप्पा राज्याचा आधार झाला आणि दाभोळ दोन वर्षांत बंद पडला. हे असं का झालं, ते उलगडायचा प्रयत्न करतो.

विजेची एक अडचण आहे. ती गहू-ज्वारीसारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी तुम्ही बटण दाबता त्याच क्षणी ती कुठेतरी तयार व्हावी लागते. राज्याची मागणी मध्यरात्री वेगळी, दुपारी वेगळी, आणि संध्याकाळी दिवे लागले की आणखी वेगळी. त्यामुळे "किती मेगावॉट हवेत?" हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा म्हणजे "कोणत्या वेळी?" चोवीस तास एका लयीत चालणारी वीज लागते, ती कोळशाच्या संचांकडून घेणं त्या काळी स्वस्त पडायचं. संध्याकाळचे चार-पाच तास जो उंचवटा येतो, त्यासाठी झटकन चालू-बंद होणारं काहीतरी लागतं.

कोयना ही दुसऱ्या प्रकारची वीज. पाण्याचा झोत सोडला की काही मिनिटांत संच पूर्ण जोरात. पण कोयनेला पाणी मोजून मिळतं. कृष्णा पाणी तंटा लवादानं पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. चौथा टप्पा बांधून कोयनेची एकूण क्षमता सुमारे १९५० मेगावॉट झाली, पण पाणी वाढलं नाही! वर्षाला वीज मिळते तीनशे कोटी युनिटांच्या आसपास. सगळे संच वर्षभर अखंड चालले असते तर सतराशे कोटींवर मिळाली असती. मग हजार मेगावॉट बांधले कशाला? तेवढंच पाणी दिवसभर थोडं थोडं सोडण्याऐवजी संध्याकाळी एकदम सोडता यावं म्हणून. चौथा टप्पा म्हणजे जास्त वीज नव्हे, हवी त्या तासाला वीज. ज्यांनी तो आखला त्यांना नेमकं ठाऊक होतं की आपण काय विकत घेतोय.

दाभोळच्या बाबतीत हेच ठाऊक नव्हतं, असं माझं मत आहे. किंवा असं म्हणू की ज्यांना ठाऊक होतं त्यांचं कुणी ऐकलं नाही.

१९९१ मध्ये देशाची परकीय गंगाजळी आटली होती. वीज क्षेत्र खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुलं झालं. सरकारकडे नवे प्रकल्प बांधायला पैसा नव्हता आणि वीज मंडळाची अवस्था वाईट होती. जून १९९२ मध्ये एन्रॉनची माणसं भारतात आली आणि काही दिवसांतच, २० जूनला, मंडळाबरोबर सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा नाही, दुसऱ्या कुणाचा दर मागवलेला नाही. सुधाकरराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. पुढे शरद पवार परतले आणि डिसेंबर १९९३ मध्ये प्रत्यक्ष वीज खरेदी करार झाला, वीस वर्षांचा. कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल प्रत्येकी १०.

मधल्या काळात केंद्र सरकारनं जागतिक बँकेला या प्रकल्पाबद्दल विचारलं होतं. ही बँक काही खासगीकरणाच्या विरोधातली नव्हे. कोयनेच्या पहिल्या टप्प्यालाही तिनं कर्ज दिलं होतं. तिनं १९९३ मध्ये कळवलं, की प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकणारा नाही. कारण काय, तर मंडळाच्या गरजेच्या मानानं एवढा मोठा प्रकल्प चोवीस तास चालवायचा म्हणजे मंडळाचे स्वतःचे स्वस्त संच बंद ठेवावे लागतील, आणि आयात केलेला द्रवरूप वायू देशी कोळशापेक्षा महाग पडेल. आठ वर्षांनी नेमकं हेच घडलं.

आता करार. यातली एक गोष्ट समजली की बाकीचं आपोआप समजतं, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

विजेच्या बिलात दोन भाग असतात. एक स्थिर आकार, म्हणजे प्रकल्प बांधल्याचा हप्ता, व्याज, मालकाचा नफा वगैरे. दुसरा इंधनाचा खर्च. दाभोळच्या करारात कंपनीनं संच ९० टक्के वेळ सज्ज ठेवला की स्थिर आकार पूर्ण द्यायचा, मग वीज घ्या किंवा न घ्या. घरी दूधवाल्याला सांगून ठेवल्यासारखं: तू रोज दहा लिटर घेऊन ये, मी दोनच घेतलं तरी पैसे दहाचे.

एक हिशेब करू. सोपा जावा म्हणून समजा महिन्याचा स्थिर आकार १०० कोटी रुपये आहे. ७४० मेगावॉटचा प्रकल्प महिनाभर ९० टक्क्यांनी चालला तर सुमारे ४८ कोटी युनिट देतो. म्हणजे युनिटमागे स्थिर आकार दोन रुपयांच्या थोडा वर. पण तुम्ही वीज एक तृतीयांशच घेतली तर? साधारण १८ कोटी युनिट. आता तोच आकार साडेपाच रुपयांच्या पुढे गेला. आणि फक्त संध्याकाळचे पाच तास घेतली तर नऊ रुपये. अजून इंधन धरलेलं नाही बरं का! दाभोळची वीज काही महिन्यांत सात रुपयांच्या पुढे गेली, ती अशी. वर्तमानपत्रांत मथळे आले की एन्रॉन लुटतंय. करार महागडा होता यात वाद नाही. पण वीज जितकी कमी घ्यावी तितकी युनिटला महाग दिसणार, हे त्या कराराच्या रचनेतच होतं.

आणि मंडळ कमी का घेत होतं? कारण महाग होती. हा भोवरा आहे, एकदा त्यात सापडलं की संपलं.

आता इंधनाकडे या. पहिला टप्पा नाफ्थ्यावर चालणार होता आणि पुढे सगळं आयात वायूवर जायचं होतं. इंधनाचा जो काही भाव असेल तो जसाच्या तसा मंडळानं द्यायचा. १९९९ च्या सुरुवातीला कच्चं तेल पिंपाला दहा-बारा डॉलर होतं. २००० च्या शरदात ते तीसच्या वर गेलं, आणि नाफ्था त्याच्यामागून. शिवाय दर डॉलरशी बांधलेला. करार झाला तेव्हा डॉलर ३१-३२ रुपयांना होता, २००१ मध्ये ४७ च्या आसपास पोचला. आपलं गिऱ्हाईक बिल रुपयांत भरतं. शेतकरी तर सवलतीच्या दरानं भरतो, किंवा भरत नाही.

म्हणजे तेल महागलं तर मंडळ देणार, रुपया घसरला तर मंडळ देणार, मागणी कमी निघाली तरी मंडळच देणार. मंडळाला जमलं नाही तर राज्य सरकारची हमी, राज्यालाही जमलं नाही तर केंद्राची प्रतिहमी, आणि भांडण झालं तर लवाद लंडनला. कंपनीकडे काहीच जोखीम नव्हती असं म्हणणं मात्र चुकीचं होईल. प्रकल्प वेळेत बांधणं आणि संच सज्ज ठेवणं ही तिची जबाबदारी होती, आणि त्यावर दंडही होता. पण ज्या जोखमींनी अखेर प्रकल्प बुडवला, त्यांतली एकही तिच्या वाट्याला नव्हती. भविष्यातल्या विजेचा करार करताना जोखीम नाहीशी करता येत नाही. ती कुणाच्या खिशात ठेवायची, एवढंच ठरवता येतं. आणि ज्याच्या खिशात ठेवायची त्याचा खिसा फाटका असेल तर ती खाली पडून सगळ्यांच्याच पायावर येते. दाभोळमध्ये अगदी हेच झालं.

कारण मंडळाचा खिसा फाटका होताच. वर्षानुवर्षं मंडळ सांगत आलं, की वहनात आणि वितरणात आमची गळती वीस टक्क्यांच्या आत आहे. १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग आला, त्याच्यासमोर हिशेब मांडावे लागले, तेव्हा निघालं की गळती तीस टक्क्यांच्याही पुढे आहे. मग आधी ती कुठे लपली होती? मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या खात्यात. चोरी झालेली वीजही "शेतकऱ्यांनी वापरली" असं लिहून टाकलं की झालं. आता विचार करा. स्वतःची वीज कुठे जाते हे ज्या संस्थेला सांगता येत नाही, ती पुढच्या वीस वर्षांची मागणी कशाच्या आधारावर सांगणार? आणि न मोजलेल्या त्या मागणीवर "घ्या किंवा पैसे द्या" असा करार!

राजकारणाचा भाग तुम्हाला माहीत आहे, म्हणून भरभर जातो. १९९५ च्या निवडणुकीत "एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू" ही घोषणा गाजली. युतीचं सरकार आलं. गोपीनाथ मुंडेंच्या समितीनं अहवाल दिला आणि ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला. कंपनी लंडनच्या लवादाकडे गेली. नोव्हेंबरमध्ये एन्रॉनच्या रिबेका मार्क मातोश्रीवर बाळासाहेबांना भेटल्या आणि वाटाघाटी पुन्हा सुरू झाल्या. जानेवारी १९९६ मध्ये प्रकल्प परत आला, तोही आधीपेक्षा मोठा होऊन: दोन्ही टप्पे मिळून २१८४ मेगावॉट. दर कमी केल्याचं सांगितलं गेलं, पण डॉलर, इंधन आणि "घ्या किंवा द्या" हे तिन्ही तसेच राहिले. केंद्राच्या प्रतिहमीला मंजुरी दिली वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारनं. या प्रकल्पावर हात कुणाचे नाहीत ते शोधणं जास्त सोपं.

कराराचा हा तांत्रिक भाग तेव्हा कुणी वाचलाच नव्हता असं मात्र नाही. पुण्याच्या प्रयास या संस्थेतल्या मंडळींनी १९९५ मध्येच दाभोळच्या कराराचं आकड्यांनिशी विश्लेषण केलं होतं. मोर्चे आणि घोषणांच्या गदारोळात हे काम वेगळं उठून दिसतं. "परदेशी कंपनी नको" असं ते म्हणत नव्हते. एवढी वीज या वेळेला, या दरात, या अटीवर का घेताय, हे ते विचारत होते. गुहागरच्या गावांत मात्र प्रश्न याहून साधा होता. आमची जमीन, आमचं पाणी, खाडीतली मासेमारी यांचं काय? १९९७ मध्ये तिथे आंदोलक स्त्री-पुरुषांना मारहाण झाली, अटका झाल्या. मानवी हक्कांवर काम करणाऱ्या ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं त्यावर १९९९ मध्ये अहवाल काढला.

शेवट लवकर आला. २००० च्या अखेरीस मंडळाला बिलं भरता येईनात. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीनं केंद्राची प्रतिहमी वापरायला काढली. त्याआधी, २८ जानेवारीला, एक वेगळीच घटना झाली. मंडळानं सांगितलं, संच पूर्ण क्षमतेनं चालवा. करारात लिहिलेल्या वेळेत ते पूर्ण जोर धरू शकले नाहीत. मंडळानं चारशे कोटींच्या वर दंड लावला. हा दंड म्हणजे बिल चुकवायची पळवाट होती असं अनेकांनी तेव्हा म्हटलं. असेलही. पण मला त्यातला दुसरा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. दाभोळचा खप उरला होता तो फक्त गरज पडेल तेव्हा, संध्याकाळच्या वेळेला. आणि त्या कामाला तो प्रकल्प बांधलेलाच नव्हता. नदीच्या वरच्या टोकाला कोयना तेच काम दर संध्याकाळी मिनिटांत करत होती.

एप्रिल २००१ मध्ये माधव गोडबोले समितीचा अहवाल आला. प्रकल्प मंजूर करतानाच्या त्रुटींवर त्यानं कडक ताशेरे ओढले. मे महिन्यात मंडळानं करार मोडला आणि महिनाअखेर संच थांबले. दुसऱ्या टप्प्याचं काम बरंचसं झालं होतं, तेही थांबलं. २ डिसेंबरला खुद्द एन्रॉननंच अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. अंजनवेलला अर्धवट वायू टर्मिनल, गंजत चाललेली यंत्रं आणि पाहारेकरी उरले. प्रकल्पाला कर्जं दिली होती त्यांत आपल्या आयडीबीआय, आयसीआयसीआय, स्टेट बँक या वित्तसंस्था होत्या. म्हणजे जोखमीचा शेवटचा तुकडाही अखेर इथल्याच खिशात आला.

आता श्रोत्यांच्या प्रश्नाकडे. २००३ नंतर टंचाई वाढत गेली, २००५ चा उन्हाळा तर भयंकर होता. पुढच्या काही वर्षांत राज्याची तूट चार-साडेचार हजार मेगावॉटच्या घरात गेली. गावाकडे दिवसाचे बारा बारा तास वीज नसायची. भारनियमनाचं वेळापत्रक वर्तमानपत्रात यायचं आणि रेल्वेच्या वेळापत्रकासारखं लोक कापून ठेवायचे. रात्री दोनला वीज येते म्हणून शेतकरी बॅटरी घेऊन पाणी धरायला जायचा, पायाखाली साप आहे की दोर ते न कळता. दळणाचे डबे गिरणीत दोन-दोन दिवस पडून राहायचे.

दाभोळ चालू असता तर ही तूट भरली असती का? पूर्ण प्रकल्प दोन हजार मेगावॉटचा. तूट त्याच्या दुपटीची. शिवाय वीज मिळाली असती ती ज्या दरानं, तो दर मंडळाला झेपत नव्हता म्हणूनच तर बंद झाला. तेव्हा "घालवला म्हणून अंधार झाला" हे काही पटत नाही. पण "घालवला ते बरं झालं" म्हणून विषय मिटवणंही मला पटत नाही. कारण खरी चूक झाली ती २००१ नंतर. पोळलेलं मंडळ ताकही फुंकून पिऊ लागलं. खापरखेड्याचे दोन संच तेव्हा नुकतेच लागले होते. त्यानंतर स्वतःचा नवा औष्णिक संच लागायला २००७ उजाडलं. खासगी कंपनी महाराष्ट्राशी करार करायला कचरत होती आणि सरकार खासगी कंपनीशी. त्यात २००१ साली वीज "जास्त" झाल्याचं जे चित्र होतं तेही फसवं होतं. परवडत नव्हती म्हणून ती जास्त दिसत होती. एका चुकीच्या कराराच्या धाकानं कुठलाच करार न करणं, ही पण एक जोखीम असते. फक्त तिचं बिल कुणाच्या नावानं येत नाही. ते डिझेल जनरेटर, इन्व्हर्टर आणि जळालेल्या मोटारी यांच्या रूपानं घरोघरी वाटलं जातं.

या काळातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. २००६ मध्ये पुण्यात तूट होती शंभर मेगावॉटच्या आसपास. शहरातल्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर होते, पण ते चालवणं महाग. मग उद्योग संघटना, महावितरण, प्रयास आणि आयोग यांनी मिळून एक तोडगा काढला. टंचाईच्या तासांत कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे आणि ग्रिडवरची तेवढी वीज शहराला सोडायची. जनरेटरचा जादा खर्च शहराच्या ग्राहकांच्या बिलात एक छोटा आकार लावून भरून काढायचा. कमी वीज वापरणाऱ्या घरांना तो आकार नाही. पुण्याचं लोडशेडिंग थांबलं. खात्रीच्या विजेची किंमत किती, आणि ती कोण देणार, हे महाराष्ट्रात पहिल्यांदा उघडपणे, जाहीर सुनावणी घेऊन ठरलं. मला त्यात एक गोष्ट खटकते, तीही सांगून टाकतो. ज्या शहराला पैसे देणं शक्य होतं त्याची सुटका झाली, आणि मुळशी-वेल्ह्याच्या गावांत वेळापत्रक चालूच राहिलं.

बरं, दाभोळचं पुढे काय झालं? २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढली आणि २००६ मध्ये संच पुन्हा फिरले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला देशी वायू मिळाला तेव्हा काही काळ तो बरा चालला. मग समुद्रातला तो वायूच आटला, आणि २०१३ नंतर प्रकल्प पुन्हा गार. २०१५ च्या अखेरीस रेल्वेसाठी पाचशे मेगावॉटवर सुरू झाला. वायू टर्मिनल झालं खरं, पण लाटा अडवणारी भिंत अपुरी राहिल्यानं कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाजच लागत नसे. मालक बदलला, सरकारी झाला, एन्रॉनचं नाव पुसलं गेलं, तरी इंधनाची जोखीम जागची हलली नाही.

आणि कोयनेचं गुणगान करताना एक पथ्य पाळतो. कोयनेची वीज स्वस्त आहे कारण तिच्या जोखमीचा मोठा वाटा कुठल्याच बिलात नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली, वीजघर थांबलं आणि मुंबईपर्यंत वीज गेली. ज्यांची गावं शिवाजीसागराखाली आहेत, त्यांची पुढची पिढी अजून पुनर्वसनासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढते आहे. त्या करारात तर "हमी" हा शब्दच नव्हता.

हे सगळं आज उकरायचं कारण म्हणजे वर्तुळ पुन्हा फिरतंय. २०१२ नंतर तूट संपली. तिरोडा, अमरावती असे मोठे खासगी कोळसा प्रकल्प लागले, आणि काही वर्षांतच मंडळाच्या वारसदार महावितरणला न घेतलेल्या विजेचा स्थिर आकार भरावा लागू लागला. आता सौरऊर्जा आलीय. दुपारी वीज उदंड, सूर्य मावळला की टंचाई. म्हणजे संध्याकाळचा तोच जुना उंचवटा, आणखी चढा होऊन. म्हणून सरकारनं सह्याद्रीत उदंचन प्रकल्पांचे करार करायला सुरुवात केलीय. दुपारच्या स्वस्त विजेनं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. टाटांचे भिवपुरी आणि शिरवटा हे दोन त्यांतलेच. कल्पना उत्तम आहे, कोयनेच्या चौथ्या टप्प्याची सख्खी बहीण म्हणा. पण हेही प्रकल्प स्थिर आकारावरच चालणार, दीर्घ मुदतीचे असणार. उद्या बॅटऱ्या स्वस्त झाल्या आणि संध्याकाळची वीज दुसरीकडून कमी दरात मिळू लागली, तर तो आकार कोण भरणार? हे करार नियामक आयोगासमोर येतील, सुनावण्या लागतील, सूचना-हरकती मागवल्या जातील. त्या जाहीर नोटिसा वर्तमानपत्राच्या आतल्या पानात बारीक टाइपात असतात.

पुढच्या भागात घाटघरला जाऊ. वरचं धरण अकोले तालुक्यात, खालचं शहापूरच्या चोंढ्याला, २५० मेगावॉट, २००८ पासून चालू. उदंचन म्हणजे काय ते महाराष्ट्रानं तिथे करून बघितलंय. तुमच्यापैकी कुणी तिथे काम केलं असेल तर कळवा, बोलायला आवडेल.